दातात धरलेली तार

"पोट उघडूनच बघावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "अपेंडिक्स असावं. सोनोग्राफीत नीट दिसत नाहीये. पण एवढं दुखतंय म्हणजे आत काहीतरी आहे."

वैशाली कॉटवर कुशीला वळून पडली होती. सातवा महिना लागलेला. एवढ्या पोटाशी गुडघे घेता येत नाहीत, तरी ती घेऊ बघत होती. तिची आई सटाण्याकडून आली होती. ती पायाशी बसून एकच बोलत होती, "मनी पोरले काय व्हयनं वं माय, काय व्हयनं." ऑपरेशन केलं तर बाळाचं काय, हे विचारायला कोणाचीच जीभ उचलत नव्हती. मग मीच विचारलं. मी तोंडाची फटकळ आहे, ते एरवी लोकांना आवडत नाही, पण अशा वेळी चालतं.

"कळा सुरू होऊ शकतात," डॉक्टर म्हणाले. "पण नाही केलं आणि अपेंडिक्स आत फुटलं, तर दोघंही हातचे जातील. दुपारी चारला घेतो."

ते गेले. सिस्टर गोळी द्यायला आली. वैशालीनं तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "काय हो आजी, मिश्री लावते का ही? हिरड्या बघा कशा काळ्या पडल्यात."

आईनं कानाला हात लावला. "नही वं बाई, कधीच नही."

पंधरा दिवसांपूर्वी मीही वैशालीला हेच विचारलं होतं. ती हसली तेव्हा दातांच्या मुळाशी काळसर रेघ दिसली होती. "पोटात पोर आहे आणि मिश्री घासतेस? लाज नाही वाटत?" अशी मी तिला भर गल्लीत झापली होती. ती शपथा घेत होती, मी विश्वास ठेवला नव्हता. आता हॉस्पिटलच्या ट्यूबलाइटखाली मी वाकून पाहिलं. रेघ काळी नव्हती. निळसर होती. मिश्री अशी आखल्यासारखी बसत नाही.

आता आधीचं सांगते. मी अंबडच्या एका छोट्या कारखान्यात सोल्डरिंग लाइनची सुपरवायझर होते. सव्वीस वर्षं. सोल्डरिंग म्हणजे जुनी माणसं ज्याला डाग देणं म्हणतात ते. गरम आयर्नच्या, म्हणजे विजेवर तापणाऱ्या दांडीच्या, टोकानं धातूची बारीक तार वितळवायची आणि सर्किटच्या प्लेटवर वायर पक्की चिकटवायची. त्या तारेला आम्ही नुसतं सोल्डर म्हणतो. त्यात कथील असतं आणि शिसं असतं. परदेशी जाणाऱ्या मालाला आता बिनशिशाची तार लागते. इथल्या मालाला अजून जुनीच चालते. ती स्वस्त पडते आणि लवकर वितळते.

वैशाली आमच्या गल्लीतली. नवरा रिक्षा चालवतो. ती एका कंपनीत पॅकिंगला होती, आठ तास उभ्यानं. दिवस राहिले तसं उभं राहवेना, तिनं काम सोडलं आणि माझ्याकडे आली. "मावशी, बसून करण्यासारखं काही असलं तर बघा ना." आमच्याकडे तेव्हा एलईडी दिव्यांच्या प्लेटांची मोठी ऑर्डर होती. एका प्लेटला दोन वायरी, एक लाल, एक काळी. मालक, म्हणजे आम्ही ज्यांना सर म्हणतो ते, हे काम सहा-सात बायकांकडून घरी करून घेत. कागदावर कुठेच नाही. मी वैशालीचं नाव सुचवलं. बाळंतपणापर्यंत घरी बसून काम, जड उचलायचं नाही, ऊन नाही, बस नाही. मला वाटलं, मी केवढं पुण्य करतेय!

शिकवायला मीच तिच्या खोलीवर जायचे. सगळे नवशिके करतात तेच तीही करायची. आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून ते गोंदासारखं फासायची. मी हातावर चापट मारायचे. "अगं, आधी प्लेट तापव. एक, दोन, तीन म्हण. मग तार लाव. ती आपोआप पसरली पाहिजे." मग ती वितळलेल्या थेंबावर फुंकर मारायची. "फुंकू नकोस, चहा नाहीये तो!" फुंकर मारली की थेंब थिजताना हलतो, वरून धरल्यासारखा दिसतो आणि आतून सुटा राहतो. त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. चांगला जोड चकचकीत असतो. वाईट जोड राखेसारखा मळकट. बोट भाजून घेऊन, हसून, रडकुंडीला येऊन आठवड्याभरात तिला ते जमलं. पोरीचा हात मुळात चांगला होता.

एक अडचण मात्र सुटेना. एका हातात आयर्न. दुसऱ्या हातात वायर, कारण ती प्लेटवर दाबून धरावी लागते. मग सोल्डरची तार धरायची कशात? कारखान्यात जिग असतो. जिग म्हणजे प्लेट आणि वायर घट्ट पकडून ठेवणारा साचा. त्यामुळे एक हात मोकळा राहतो. घरी न्यायला जिग द्या म्हणून मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, जिग बाहेर गेला की परत येत नाही."

मग मी तिला माझी युक्ती शिकवली. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडेही जिग नव्हते. आम्ही सगळ्याजणी तार दातात धरायचो. वीतभर तार तोडायची, दातात पकडायची, मान खाली करून टोक बरोबर जोडावर न्यायचं. दोन्ही हात मोकळे. वैशालीला गंमत वाटली. "मावशी, सुगरणीसारखं वाटतंय, चोचीत काडी धरून." मीही हसले. चार दिवसांत तिची मान अशी बसली की बघत राहावं.

तिच्या आईला फोनवर एकच काळजी, धुराची. म्हणून मी तिला खिडकीपाशी बसवलं, टेबलफॅन लावून दिला. तो धूर सोल्डरच्या आतल्या राळेचा असतो. डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो. पण शिसं त्या धुरात फारसं नसतं. ते बोटांवर असतं. आणि तार तोंडात असली तर तोंडात. फॅन लावून मी निश्चिंत झाले होते. पाच महिने ती रोज चार-पाच तास ती तार चावत होती, आणि मध्येच उठून त्याच हातांनी कणीक मळत होती.

मला हे कळायला हवं होतं का? हो. कारखान्यात वॉशबेसिनच्या वर एक चार्ट आहे. ऑडिटवाल्यांसाठी लावलेला. शिसे हाताळताना घ्यायची काळजी. हात धुवा, लाइनवर खाऊ नका, आणि खाली लक्षणं: पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, हिरड्यांवर निळसर रेघ. वर्षातून एकदा मी तो लाइनवरच्या मुलींना वाचून दाखवायचे आणि वाचून दाखवला म्हणून सही करायचे. घरी काम करणाऱ्या बायका त्या यादीत नव्हत्या. त्यांना कधी वाचून दाखवला नाही.

हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन मी सरांना फोन लावला. का लावला, कोण जाणे. सव्वीस वर्षांची सवय, काही झालं की आधी वर कळवायचं.

"सर, वैशालीला शिसं चढलंय असं मला वाटतं. डॉक्टर तिला चारला ऑपरेशनला घेतायत. मी त्यांना सांगते."

"वाटतं म्हणजे? तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पण ती तार तोंडात धरते."

ते म्हणाले, "पगारे मॅडम, घरी माल देतो हे कुठेही लिहिलेलं नाहीये. तुम्हालाही माहितीये. फॅक्टरी इन्स्पेक्टर आला तर चाळीस जणींच्या घरची चूल बंद होईल. डॉक्टर लोक बघतील ना काय ते. तुम्ही उद्यापर्यंत थांबा, मी ओळखीच्या डॉक्टरांशी बोलतो."

"उद्या? सर, चारला तिचं पोट फाडतायत!" मी ओरडलेच. जिन्यातली माणसं बघायला लागली. मी फोन बंद केला.

साडेतीनला डॉक्टर सापडले. मी सांगितलं: सोल्डरचं काम करते, तारेत शिसं असतं, ती तार दातात धरते, पाच महिने. ते तरातरा वॉर्डात गेले, बॅटरी लावून हिरड्या पाहिल्या. त्यांनी चारचं ऑपरेशन पुढे ढकललं आणि लॅबला फोन करून सकाळचं रक्त पुन्हा काचपट्टीवर बघायला सांगितलं. पाऊण तासानं निरोप आला. रक्तपेशींमध्ये निळे ठिपके आहेत. शिशाची विषबाधा झाली की असे दिसतात, असं ते म्हणाले. ऑपरेशन रद्द झालं. शिसं नेमकं किती ते मोजायला रक्त बाहेरच्या लॅबला गेलं. दोन दिवसांनी आकडा आला, चालतं त्याच्या कितीतरी पट.

पण त्या दुपारचीच एक गोष्ट सांगायची आहे. डॉक्टर भडकले होते. वैशालीकडे बघून म्हणाले, "तोंडात? शिशाची तार तोंडात धरायची? कोणत्या मूर्खानं शिकवलं तुला हे?"

मी कॉटच्या पलीकडे उभी होते. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. पोट धरून, दम खात ती म्हणाली, "कोणी नाही. मोबाइलवर बघून शिकले."

मी फटकळ बाई. भाजीवाल्याशी भांडते, सरांशी भांडते. तिथे माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

औषधं सुरू झाली. पोटातलं दुखणं आठ दिवसांत उतरलं, ती थोडं जेवायलाही लागली. आम्हाला वाटलं, निभावलं. डॉक्टरांना मात्र वाटत नव्हतं. शिसं आईच्या रक्तातून बाळाकडे जातं, ते सांगत होते, तिथून काढायला आपला हात पोचत नाही. दहाव्या दिवशी कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. काचेच्या पेटीत तीन दिवस होती. चौथ्या दिवशी सकाळी गेली.

मी डॉक्टरांना विचारलं, हे त्यानंच झालं का? ते म्हणाले, "शिशानं वेळेआधी कळा येऊ शकतात. नुसत्या त्यानंच आल्या असं मी लिहून देऊ शकत नाही." सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य ऐकलंच नाही. "बघा, म्हणजे नक्की नाही," म्हणाले, आणि घरी दिलेले सगळे आयर्न गोळा करून आणायला सांगितले. मी बॅटरी घेऊन दारोदार गेले. आयर्न मागायच्या आधी प्रत्येकीला तोंड उघडायला लावलं. आणखी दोघींच्या हिरड्यांवर रेघ होती. त्यांना मी स्वतः दवाखान्यात घेऊन गेले आणि त्या वेळी काय ते खरं सांगितलं. तार दातात धरायला या सगळ्यांना मीच शिकवलं. त्या महिन्याच्या शेवटी मी राजीनामा दिला. सरांनी थांबवलं नाही.

आता माझ्याकडे कधी कधी शिकायला कोणी येतं. कॉलेजची मुलं, घरचा रेडिओ दुरुस्त करायचा असलेला एखादा रिटायर्ड माणूस. आयर्न हातात द्यायच्या आधी मी एक फळकुट समोर ठेवते. त्यावर कपडे वाळत घालायचा चिमटा ठोकलेला असतो. वायर चिमट्यात धरायची, एक हात मोकळा होतो. झालं. हा माझा जिग. करायला पाच मिनिटं लागतात. वैशालीच्या गॅलरीत असे डझनभर चिमटे होते. मला ते सुचले नाहीत, कारण माझे स्वतःचे दात शाबूत होते. आपल्याला काही झालं नाही ती गोष्ट बिनधोक, असं मी सव्वीस वर्षं धरून चालले. माझ्या बरोबरच्या बायकांचं काय झालं, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

वैशाली महिन्याभरानं माझ्या घरी आली. तिचा आयर्न आणायला मी गेलेच नव्हते. हिंमत नव्हती. तो तिनं स्वच्छ पुसून, वायर गुंडाळून पिशवीत घालून आणला होता. मी चहा ठेवला. मनात काय काय सांगायचं ठरवलं होतं, ते तिच्यासमोर निघेना.

"वैशू," मी कसंबसं म्हटलं, "त्या दिवशी डॉक्टरांपुढे मी बोलायला हवं होतं."

तिनं कप खाली ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मावशी, एक विचारू?" ती म्हणाली. "मी केलेल्या प्लेटा. त्यातली एक तरी रिजेक्ट झाली का हो?"

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."

"तेच म्हटलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसंच करत होते मी."