पवळ्याला मारलेली हाक

भुताखेतांची पत्रे आमच्या साप्ताहिकाकडे बरीच येत. ती वाचून केराच्या टोपलीत टाकण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते मी निःशंक मनाने करीत असे. म्हणून हे लिहिताना संकोच होतो.

पौषातली गोष्ट. दोन दिवस अवकाळी पाऊस पडून गेला होता. एका बातमीसाठी कल्याणहून शिळेला जायचे होते. तिकडे आगगाडी नाही, म्हणून धर्मा गाडीवानाची बैलगाडी केली. सकाळी आठला निघालो. शेतांवर धुके होते.

अर्ध्या वाटेवर काळ्या मातीचा पट्टा लागतो. ती ओली झाली की चाकाची लोखंडी धाव तिच्यावरून नुसती घसरते. धर्माने उतरून दोन्ही चाकांना साखळीचे वेढे घातले, तेव्हा गाडी हलली. चिखल संपून खडीचा रस्ता लागला की ही साखळी लगेच सोडावी लागते, नाहीतर दगडावर कड्या तुटतात.

खडी लागली. चाके खडखडू लागली... धर्मा उतरेना.

"अरे, साखळी तुटेल."

"तुटंल," तो म्हणाला. "ही तिसरी हाय."

मग त्याने सांगितले. त्याची बायको गाडीमागून चालायची – चिखलात बैलांना तेवढेच ओझे कमी. खडी लागली की तीच मागून हाक मारायची आणि मग तो उतरायचा. दोन वर्षांपूर्वी ती तापात गेली.

"मी आपनहून उतरलू, तं ती कशाला हाक मारील?"

मी मागे तोंड करून बसलो. रस्ता मोकळा होता.

"पवल्या, थांब रं. साखली सोराची हाय."

बाईचा आवाज. किंचित घोगरा, घाई नसलेला, गाडीपासून फार तर चार हातांवर. तिथे कोणी नव्हते. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे खुंट, त्यांतही कोणी नाही.

"धर्मा, थांब. पवळ्या कोण?"

त्याने कासरा ओढला. जुवाला सर्जा आणि ढवळ्या होते.

"पवल्या तिचा बैल. तिच्यामागं महिन्यात गेला. तुमाला नाव कुनी सांगितलं?"

"आत्ता मागून हाक आली. तुला ऐकू आली नाही?"

"नाय."

तो माझ्याकडे वळला. "माजं नाव कसं घेनार," तो म्हणाला. "बैलालाच हाक मारायची. मला काय बोलाचं ते बैलालाच बोलाची... घोगरी व्हती का?"

"थोडी."

"आनि काय बोल्ली?"

ऐकले तेवढेच सांगायची मला सवय. "एवढेच," मी म्हणालो. एखादा शब्द जोडता आला असता, हे नंतर सुचले.

तो उतरला. साखळी सोडली, धोतराच्या सोग्याने एकेक कडी पुसली.

धुके, वारा, कानाचा भ्रम – सगळे तपासून पाहिले. पण त्या बैलाचे नाव मला ठाऊक नसताना ते ऐकू कसे आले, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही.

त्यानंतर ओल्या वाटेने धर्माबरोबर दोनदा गेलो. खडी लागली की तो मागे रस्त्याकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. मी नकारार्थी मान हलवतो.

"आनकी थोरं जाव, रावसाहेब," तो म्हणतो. "कान द्या."

आणि साखळी दगडांवर वाजत राहते.