कबरीतला कथलाचा पेला

हिल्डा गार्बट एकतीस वर्षं दर गुरुवारी आमच्या कॅथीड्रलमधलं पितळ घासायची. नवरा गेल्यावर तिला दुसरं घर असं उरलंच नव्हतं. बाजूच्या दाराची किल्ली कायम गळ्यात. जीभ मात्र तिखट. "देवाच्या घरचा चोपदार ना तू, अर्नल्ड? मग झग्यावर हे अंडं कसलं सांडलंय?" असं काहीबाही मला ऐकवल्याशिवाय तिचा गुरुवार सरायचा नाही.

गरम पाण्याचे नळ टाकायला उत्तरेकडची फरशी उचलली आणि खाली तेराव्या शतकातल्या पाद्र्याची कबर निघाली. छातीवर कथलाचा पेला, प्रार्थनेतल्या पवित्र वाइनचा. त्या काळी पाद्र्याला पेल्यासकट पुरत. विद्यापीठातले उत्खननवाले आले आणि खापरं, हाडं धुवायला आम्हा गावकऱ्यांना बसवलं. "धातूला पाणी लावायचं नाही," असं त्यांच्या प्रमुख पेनरोजबाईंनी सगळ्यांना बजावलं, तेव्हा हिल्डा त्यांच्यासाठीच चहा करायला आत गेली होती. हे मी पाहिलं होतं.

दुपारी तिला ट्रेमध्ये तो पेला दिसला. काळाकुट्ट, तळाला खरपुडी. प्रार्थनेच्या पेल्यात वाइनचा थेंबही राहू द्यायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. तिने तो सोडा लावून लख्ख घासला.

ती खरपुडी सातशे वर्षांपूर्वीच्या वाइनची असावी. पेनरोजबाईंना नेमकी तीच तपासायची होती.

"तुम्हाला सांगितलं होतं ना?" आमच्या कॅथीड्रलचे प्रमुख, डीनसाहेब, यांनी तिला विचारलं.

"नाही साहेब. मी चहा करत होते. अर्नल्डला विचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी राहतो ते घर कॅथीड्रलचं आहे. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. भित्रा तो भित्राच. त्यांनी तिची किल्ली काढून घेतली.

वसंतात कॅथीड्रलमध्येच त्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. बाकीच्या वस्तू मातकट, फोटोत उठून दिसेनात. म्हणून गावभर पोस्टरवर तोच पेला झळकला, चांदीसारखा. खाली नाव पेनरोजबाईंचं.

उद्घाटनाला हिल्डा तिकीट काढून रांगेत उभी. दारावर मीच होतो.

"अगं, तुला कशाला तिकीट? जा आत," मी पुटपुटलो.

"फाड," ती म्हणाली. "परक्या माणसाचं फाडतोस ना, तसंच फाड."

मी फाडलं.