उरलेलं कापड

काल शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासाने मरोळच्या चाळीतल्या अ‍ॅग्नेस आंटी आठवल्या. मी चौथीत होते. चाळभरचे ब्लाउज त्याच शिवायच्या. एका दुपारी त्या दारात आल्या आणि आईच्या हातात निळा तुकडा ठेवून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या कापडातून हा मी चोरला होता."

"अहो, एवढंसं तर आहे."

"एवढंसं म्हणतच चोरत आले."

मला नवल वाटलं. "आंटी, तुम्हाला कोणी पकडलं?"

"नाही गं. माफी मागायची आणि कापडही ठेवायचं, येशूला कसं चालेल?"

शेजारच्या काकूंनी मात्र आपला तुकडा हातात पडताच त्यांना नको ते सुनावलं, त्यांच्याकडे शिवायला देणं बंद केलं. आंटींनी पिशवीतून पुढचा तुकडा काढला आणि त्या वरच्या मजल्याकडे निघाल्या. तेव्हा मला त्यांची कीव आली होती. आज वाटतं, मी तो जिना चढू शकले नसते.