निकालाचं शेवटचं पान

मुन्शीचाचा कुठलाही निकाल शेवटच्या पानापासून वाचायचे. मलकापूरच्या कोर्टासमोर एका वकीलसाहेबांकडे त्यांनी उभी हयात मुन्शीगिरी केली. नागपूरहून हायकोर्टाचा निकाल आला की पक्षकार घाईने विचारायचा, "जिंकलो काय, चाचा?" चाचा चष्मा पुसत म्हणायचे, "कुस्ती होती काय बे? कोर्टाले काय इचारलं होतं, ते सांग अगोदर. जेवढं इचारलं, तेवढंच ते सांगते."

या वाक्याचं मोल मला अकराव्या वर्षी कळलं. मी सहा वर्षांची असताना आई जळून गेली. तिला जाळल्याच्या आरोपावरून वडिलांना जन्मठेप झाली आणि बाल कल्याण समितीने मला धामणगाव बढ्याला मावशीच्या ताब्यात दिलं. ते सगळे कागद याच वकीलसाहेबांनी केले होते. पाच वर्षांनी अपिलात संशयाचा फायदा मिळून वडील सुटले. मावशी दुसऱ्याची सुईसुद्धा ठेवून न घेणारी बाई. तिने माझा गणवेश, पुस्तकं, आईचा एक फोटो पिशवीत भरला आणि मला एसटीने थेट वकीलसाहेबांच्या ऑफिसात आणलं.

"चाचा, त्याले कोर्टानं सोडलं. आता पोरगी त्याची त्याले द्या लागीन ना?"

चाचांनी आधी तिच्यासाठी चहा सांगितला. मग म्हणाले, "बाई, पोरगी का मुद्देमाल हाय, वापस कराले?" त्यांनी निकालाचं शेवटचं पान माझ्यापुढे ठेवलं. "पाह्य बेटा, तुझं नाव कुठी दिसते काय?"

मला इंग्रजी अक्षरं तेवढी लागायची. मी ओळीओळीवर बोट फिरवलं. आरोपीला सोडावं, भरलेला दंड परत द्यावा, जप्त केलेला रॉकेलचा डबा आणि साडी नष्ट करावी, असं त्यात होतं, हे पुढे वकील झाल्यावर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं, की माझं नाव नाही. मी दोनदा पाहिलं.

"नाही," मी म्हटलं.

"बरोबर. तू कोनाजवळ राह्यशीन, हे कोनं इचारलंच नाही. समितीचा हुकूम कायम हाय. बापाले पोरगी पाह्यजे असीन तर अलग अर्ज करीन. मंग तुलेबी इचारतीन."

मावशी पिशवी मांडीवर घेऊन रडली. रडता रडता म्हणाली, "त्या खुन्याजवळ..."

चाचांनी तिला थांबवलं. "आता तो शब्द नाही, बाई. हे पान त्याच्यासाठीबी खरं हाय."

वडिलांनी अर्ज केला नाही. ते अमडापूरला आत्याकडे राहू लागले. मी मावशीकडेच शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, मग वकील. सनद मिळाली तेव्हा पेढे घेऊन चाचांकडे गेले. त्यांना तेव्हा दिसणं जवळजवळ बंद झालं होतं. पेढा हातात धरून त्यांनी विचारलं, "बापाले सांगतलं?"

"कशी जाऊ, चाचा?"

"काऊन? त्या पानावर तू त्याले भेटू नको, असं लेहलं होतं काय?"

त्याच हिवाळ्यात चाचा गेले. आज माझ्याकडे निकाल घेऊन येणाऱ्याला मी आधी, कोर्टाला काय विचारलं होतं, तेच विचारते. पण तेवढ्याने त्यांचं ऋण फिटणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

कबरस्तानात त्यांची मिट्टी झाल्यावर आठवड्याने मी पेढ्यांचा डबा घेऊन अमडापूरला गेले. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी सरकून मला जागा करून दिली. मग हळूच म्हणाले, "जेवली काय?"

मी जेवून निघाले होते. "नाही," म्हटलं.