सोनेरी जाळीचं झाड

आपल्याला झाडांतलं कळतं, असा आनंदरावांचा पक्का समज होता. काम कोराडीच्या वीजकेंद्रात, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर. पण बोलणं सगळं खताचं आणि वाफ्यांचं. क्वार्टरमागच्या तुकड्यात त्यांनी भेंडी लावली होती आणि तिच्या भरवशावर ते विहारातल्या बैठकीत शब्द देऊन बसले होते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून माणसं येत. त्यांतल्या काहींच्या जेवणाची सोय कॉलनी करी. कोणी तांदूळ देई, कोणी डाळ. आनंदराव उभे राहिले आणि म्हणाले, यंदा भाजी माझी, आणि तीही भेंडीची. कोणी मागितली नव्हती. पण ‘बसा आता’ असं कोणी म्हणेपर्यंत उभं राहायची त्यांना खोडच होती.

पोळ्याच्या सुमारास भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. भेंड्याही फिकट आणि निबर निघू लागल्या. भाजीवाले या रोगाला केवडा म्हणतात. नाव ऐकून माणूस वास घ्यायला जाईल. आनंदरावांनी आधी राख शिंपडली. कोराडीत राख शिंपडणारा हा पहिलाच शहाणा, कारण तिथे ती आभाळातून फुकट पडे. मग ताक शिंपडलं. त्यानेही काही झालं नाही, तेव्हा त्यांनी दोष कुणाचा याचा शोध सुरू केला. दोष आपला असेल, ही शंका त्यांना शिवली नाही.

बियाणं शेजारच्या देवाजींनी दिलं होतं, त्यांच्या सासुरवाडीचं. दोघे एकाच पाळीत, बसमध्ये एकाच बाकावर. नळावर चार माणसांत आनंदराव त्यांना म्हणाले, “देवाजी, तुह्या बियान्यानं माही भेंडी खाल्ली.”

देवाजी अर्धीच भरलेली बादली उचलून घरात गेले. त्यांची स्वतःची भेंडीही पिवळीच होती, हे पत्नी इंदूबाईंनी आनंदरावांना दाखवून दिलं. त्यांना तो बियाण्याविरुद्धचा पुरावाच वाटला. पण बसमध्ये आता बाक वेगळे झाले आणि ऐकणारंच कोणी उरलं नाही, तेव्हा केंद्रापर्यंतचा रस्ता फार लांबला. भेंडीपेक्षा हेच जास्त लागत होतं, पण कबूल कोण करणार?

आपलंच खरं ठरावं म्हणून त्यांनी कॉलनीतल्या वामनरावांच्या जावयाला बोलावलं. हे शरच्चंद्र शेती कॉलेजात शिकवत. ओट्यावर चहा झाला. तिथेच डालड्याच्या डब्यात आनंदरावांचं लाडकं झाड होतं, पानोपानी सोनेरी जाळी असलेलं. पावसाच्या सुरुवातीला नाल्याकाठी अशी बरीच झाडं त्यांना दिसली होती. राखेने करड्या झालेल्या कॉलनीत शोभा यावी म्हणून त्यांनी ती मुळासकट उपटून आणली आणि घरोघर वाटली. नाव विचारलं तर सांगत, विलायती आहे.

शरच्चंद्र वाफ्यापर्यंत गेलेच नाहीत. त्यांनी डब्यातलं एक पान उलटलं, तशा बारीक पांढऱ्या माश्या भुरकन उडाल्या. ते म्हणाले, ही आपली रानभेंडी, आणि ही सोनेरी जाळी म्हणजेच केवडा. माशी इथला रस शोषते, मग भेंडीवर जाऊन बसते. बियाण्यातून हा रोग येत नाही. हे झाड इथे आणलं कोणी?

“यायनंच आनलं,” इंदूबाई म्हणाल्या. “अन् साऱ्या कॉलनीत वाटलं.”

वा रे आनंदराव, त्यांनी स्वतःलाच शाबासकी दिली. लोक पेढे वाटतात, तू रोग वाटलास, आणि वर विलायती म्हणून.

दुसऱ्या दिवशी वाटलेली झाडं परत गोळा करायला ते पोतं घेऊन दारोदार फिरले. पहिल्या घरी त्यांनी नुसतं झाड मागितलं. पण पुढे पुढे गोष्टीला रंग चढत गेला. लोक हसले आणि तेही हसले. स्वतःची फजितीसुद्धा त्यांना मीठमसाला लावल्याशिवाय सांगता येत नसे.

देवाजींचं दार त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तिथे डब्याला गेरू लावलेला होता. साऱ्या कॉलनीत त्या एकाच झाडाच्या पानांवर राख नव्हती. आनंदरावांनी आपली तयार गोष्ट बाजूला ठेवली. झाड रोगाचं आहे, बियाणं चांगलं होतं, एवढंच कसंबसं ते बोलले.

देवाजींनी एका पानावरून बोट फिरवलं. “तू बोलत नव्हता गा मले,” ते म्हणाले. “म्हणून याचेच पानं पुसून राहिलो होतो रोज. तुह्या हातचं होतं ना.”

“माहं चुकलं, देवाजी.” आनंदराव इतकं थोडक्यात आयुष्यात कधी बोलले नव्हते. देवाजींनी स्वतःच झाड उपटलं आणि पोत्यात टाकलं.

दसऱ्याला भाजी वांग्यांची झाली. वांगी देवाजींच्या वाफ्यातली, ढवळणारे आनंदराव. पंगतीत गावाकडच्या एका म्हातारीने भाजी पुन्हा मागून घेतली आणि विचारलं, कोणाच्या घरची वांगी? शेवटच्या पंगतीला बसलेले आनंदराव ताटावरून उठून उभे राहिले. देवाजींचं नाव त्यांना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं होतं.

शेजारून देवाजींनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली ओढलं.

“बस गा,” ते म्हणाले. “जेव आता.”