दिव्यांभोवतीची कडी

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि माझी बदली नव्या मंत्रालयात झाली होती. बाबा रेल्वेतले निवृत्त गार्ड. पट्टी निघाल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, "इतकी वाळली कधी वं तू?"

दिवसातून चारदा थेंब. सकाळ-संध्याकाळचे मी घालायची, मधले ते स्वतः, गाडीच्या वेळा पाळाव्या तसे.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही शंकर नगरात फिरायला निघालो. रस्त्यावर नवे दिवे लागले होते. बाबा चौकात थबकले.

"पाह्य, पाह्य! दिव्याभोवती कसं गोल इंद्रधनुष्य दिसून राहिलं. लेन्स भारीच निघाली."

मीही हसले. दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत, नुसतं कपाळ चोळत बसले.

"डोकं दुखते का बाबा?"

"थोडंसं. चार दिवस झाले."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुले नवं ऑफिस. सारखी रजा कशी मागशीन?"

रागातच ऑटो केला नि त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दिव्याभोवतीच्या रंगांचं ऐकून डोळ्याचा दाब मोजला, पुन्हा मोजला. "बाबूजी, ये रंग लेंस के नहीं हैं. आँख का प्रेशर बढ़ गया है."

सूज उतरवायला दिलेल्या थेंबांनीच काहींचा दाब वाढतो, असं त्यांनी समजावलं. ते थेंब बदलले, दाब उतरवायचे दुसरे दिले, एक गोळी तिथंच घ्यायला लावली. "दो-चार दिन और रुकते तो मुश्किल होती." बाबा एवढेसे झाले.

परतताना काय काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. पण ऑटोत त्यांनी माझा हात घट्ट धरला. "डोळा गेलाच वाटलं होतं मले. म्हणून बोललो नाही." मी नुसती त्यांच्या खांद्याला टेकून बसले.

आठवड्याभरात दाब उतरला, डोकं दुखणं थांबलं. नजरेला धक्का लागला नव्हता.

काही महिन्यांनी डाव्या डोळ्याची वेळ आली, तेव्हा बाबांनी मागची गोष्ट डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून टाकली. बाहेर बाकावर शेजारी एक म्हातारी डोळ्यावर पट्टी बांधून बसली होती. तिला आपल्या मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत म्हणाले, "दाई, मूड पिराही त लुकाबे झन." डोकं दुखलं तर लपवू नको.

"हव," म्हातारी म्हणाली आणि त्यांच्याकडे सरकून बसली. बाबांनी पहिल्या दिवसापासून सगळी हकिकत सुरू केली.