झेंडूच्या हाराखालचा राउटर

बुद्धप्रियाच्या लॅबमधल्या अठ्ठेचाळीस कॉम्प्युटरांपैकी एकातही हार्ड डिस्क नव्हती. बटण दाबलं की मशीन नेटवर्कवर हाक मारायची, मला पत्ता द्या. कोपऱ्यातला सर्व्हर पत्ता द्यायचा आणि विंडोज कुठून उचलायची तेही सांगायचा. ही सगळी मांडणी सहा वर्षांपूर्वी तिने एकटीने बसवली होती. नायगावची ही पोरगी नांदेडच्या त्या परीक्षा केंद्रात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर राबत होती. तिला कायम करावं असं संचालकांना अजून सुचलं नव्हतं. बाकी त्यांना बरंच काही सुचायचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला एका भरतीची ऑनलाइन परीक्षा होती. दोन दिवसांची रजा काढून बुद्धप्रिया दीक्षाभूमीला गेली होती. पहाटेच्या गाडीने परतली ती थेट केंद्रावर आली आणि आठच्या ठोक्याला तिने सगळ्या मशिनी चालू केल्या. एकोणीस उठल्या. बाकीच्या काळ्या पडद्यावर अडून बसल्या.

संचालक हणमंतराव धापा टाकत आत आले. "मॅडम, पोरं गेटावर उभी हायत. काय करून राहिलात तुम्ही?"

"बघते सर."

"बघता काय? नऊला पेपर सुरू झाला न्हाई तर केंद्र जातंय हातचं. मग तुमचा करारबी संपला समजा. रजा घेऊन हिंडायचं, अन् इथं हा गोंधळ!"

'हिंडायचं' हा शब्द तिला झोंबला. पण भांडायला सवड कुठे होती? चालू झालेली चौदा नंबरची मशीन तिने पुन्हा सुरू केली, तर ती आता अडली. अडलेली तीस नंबरची मात्र सुरळीत उठली. मशीन बिघडली असती तर बिघडलेलीच राहिली असती. हे दुसरंच काहीतरी होतं.

ती चौदा नंबरसमोर वाकली आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचू लागली. तिच्या सर्व्हरचे सगळे पत्ते दहाने सुरू व्हायचे. इथे एकशे ब्याण्णव आला होता. म्हणजे खोलीत आणखी कुणीतरी पत्ते वाटत होतं. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं मशीन ऐकायची, आणि या दुसऱ्याला विंडोज कुठे आहे याचा पत्ताच नव्हता.

"सर, कुणी काही नवीन जोडलंय का इथं?"

"छे! कोण जोडणार?"

साडेआठ झाले. सगळ्या मशिनींच्या वायरी जिथे एकत्र येत त्या नेटवर्क स्विचमागे ती गुडघ्यांवर बसून एकेक वायर हाताने चाचपू लागली. एक पांढरी वायर तिची नव्हती. ती सर्व्हरच्या मागून वर जाऊन खंडेनवमीच्या पूजेतल्या झेंडूच्या हाराखाली शिरली होती.

"मॅडम, पूजा उठवली न्हाई अजून," शिपाई माणिकप्पा हळूच म्हणाला.

तिचा हात थांबला. तिने हाराला हात लावला तर संध्याकाळपर्यंत कुठे काय बोललं जाईल, ते सहा वर्षांत तिला पुरतं ठाऊक झालं होतं. तिला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला.

"मामा, हार तुम्ही उचला. वायर मी काढते."

हाराखाली वाय-फायचा राउटर लुकलुकत होता.

"हे तर सायबांनीच लावलं," माणिकप्पा भोळेपणाने बोलून गेला. "त्यांच्या पोराला, पुण्याच्या आदिनाथदादाला, मोबाइलवर पूजा दाखवायला."

हणमंतराव वर पंख्याकडे बघत राहिले.

तिने वायर उपटली आणि एकेक रांग पुन्हा सुरू केली. दहा, दहा, दहा. आठ बावन्नला अठ्ठेचाळिसावी मशीन उठली आणि पोरं आत आली.

पेपर संपल्यावर हणमंतराव स्वतः चहा घेऊन आले. "कराराचं मनाला लावून घेऊ नका. घाईत बोललो. पुढच्या खंडेनवमीला तुम्हीच थांबा पूजेला, म्हंजे असं व्हायचं न्हाई."

"पुढच्या वर्षीबी मी रजेवरच असणार, सर," ती म्हणाली. "अन् लॅबची किल्ली माझ्यासोबत असणार. पूजा व्हरांड्यात करा."

तिने चहा संपवला, किल्ली पर्समध्ये टाकली आणि मशिनी बंद करायला उठली.